भेगा पाडायच्या, पण बेतानं

माझं माजलगावात ब्युटी पार्लर आहे आणि मला मासे धरता येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गळ कसा टाकायचा असं पुढं कुणी विचारायला नको. मी सांगणार आहे ते गळाच्या लाकडी नकली माशांना रंग देऊन त्या रंगाला भेगा कशा पाडायच्या एवढंच. गळ टाकतो माझा दीर. सुट्टीच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आत तो धरणावर जातो, सिंदफणेच्या पाण्यात लाकडाचे नकली मासे भिरकावतो आणि एखादी मरळ लागली तर घरी येऊन तीन दिवस तेच सांगत बसतो. त्या नकली माशाला तो ल्युअर म्हणतो. सासूबाई 'ह्याच्या भावल्या' म्हणतात.

तीन वर्षांपूर्वी एक दिवस रंग उडालेला ल्युअर घेऊन तो पार्लरच्या दारात उभा राहिला. "वहिनी, तुम्ही करंगळीच्या नखावर मोर काढता. मग एवढ्या मोठ्या माशाला रंग द्यायला काय होतंय?" आत फेशियलचं गिऱ्हाईक पडलेलं, म्हणून त्याला कटवायला मी हो म्हणाले.

रात्री खण उघडला तर तळाशी तडकणाऱ्या नेलपॉलिशची एक जुनी काळी बाटली सापडली. 2011-12 च्या सुमारास त्याची लाटच आली होती. खाली एक रंग लावायचा, तो वाळला की वरून हे काळं फिरवायचं, आणि मिनिटभरात बघता बघता नखावर वाळलेल्या मातीसारख्या भेगा पडायच्या. लग्नसराईत पोरी रांगा लावायच्या. नंतर ती हौस विरली आणि बाटली खणात राहिली. मी दिराच्या माशाला नारिंगी नेलपॉलिश दिलं, वाळू दिलं आणि पाठीवरून काळं फिरवलं. नारिंगी अंगावर काळ्या खपल्या उमटल्या, अगदी खवल्यांसारख्या. दुसऱ्या दिवशी दिरानं तो मासा उन्हात धरून इतका वेळ बघितला की मलाच कसंतरी वाटलं.

मग त्यानं मोबाइलवर दाखवलं की ही काही माझी अक्कल नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात डोवाजिॲक नावाचं गाव आहे. तिथल्या हेडन कंपनीनं शंभर वर्षांपूर्वी असेच पाठीला भेगा पडलेले लाकडी मासे विकले, त्या रंगकामाला 'क्रॅकलबॅक' म्हणायचे. आज जुन्या वस्तू जमवणारे लोक ते कपाटात ठेवतात, पाण्यात टाकत नाहीत. आमचा दीर मात्र पाण्यातच टाकतो.

आता कामाचं. भेगा पडतात कशा हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर बाटलीवर लिहिलेलं वाचून रंग लावाल आणि काहीच होणार नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या साली, आमच्या धरणाचं पाणी मागं हटत गेलं आणि काठाचा गाळ उघडा पडला. आम्ही बघायला गेलो होतो. वरची माती वाळून आक्रसलेली, फरशीसारखे तुकडे झालेले, कडा वर उचललेल्या. एक तुकडा उचलला तर खालचा गाळ अजून ओला, बोट रुतेल असा. वरचा थर आधी वाळतो आणि आकसतो. खालचा मऊ असल्यामुळं त्याला धरून ठेवत नाही, मग वरचा फाटतो. रंगाचं हेच आहे. खाली उशिरा वाळणारा थर पाहिजे, वर लवकर वाळणारा. खालचा पूर्ण वाळला असेल तर वरचा नुसता चिकटून बसेल. खालचा फार ओला असेल तर दोन्ही मिसळून राडा होईल. सगळी करामत मधल्या त्या चार-पाच मिनिटांत आहे. तडकणाऱ्या नेलपॉलिशचं तेवढं वेगळं: ते स्वतःच इतक्या झपाट्यानं वाळून आकसतं की वाळलेल्या रंगावरही फाटतं. पण त्याची बाटली असते एवढीशी, आणि आता आमच्याकडं सहजासहजी मिळतही नाही.

त्या उशिरा वाळणाऱ्या मधल्या थरासाठी मी एकदा ऑनलाइन 'क्रॅकल मीडियम' मागवलं. बाटली आली ती आत गोळा झालेली, हलवली की खुळखुळ वाजायची. पैसे काही परत आले नाहीत. तेव्हापासून शाळेतली पोरं वापरतात तो पांढरा गोंद वापरते, ज्याला आपण सगळेच फेव्हिकॉल म्हणतो. सुतारकामाचा पाणी न लागणारा प्रकार नको, साधाच घ्या.

लाकूड दीर आणतो. त्याच्या मित्राच्या बांधावर पांगारा आहे, फाल्गुनात लालभडक फुलणारा. त्याचं लाकूड वजनाला हलकं आणि चाकूला मऊ. बोटभर लांबीचा मासा कोरून, पोटात भोक पाडून शिसं भरून, दोरी आणि गळ अडकवायला तारेचे डोळे, म्हणजे कड्या, बसवून तो माझ्याकडं देतो. तोंडाशी पारदर्शक प्लास्टिकची जीभ असते, तिच्यामुळं मासा पाण्यात वळवळतो. त्या जिभेला मास्किंग टेप लावा, पहिल्यांदा हेच. आणि एसिटोन, म्हणजे आपलं नेलपॉलिश रिमूव्हर, तिच्या जवळपासही आणू नका. मी एकदा थेंबभर सांडलेला रंग त्यानं पुसला आणि जीभ मोतीबिंदू झाल्यागत पांढुरकी झाली. तयार प्लास्टिकचे ल्युअर रंगवायला घेतले तर सगळ्या अंगालाच हा धोका आहे, काही प्लास्टिक एसिटोननं विरघळतं. जुना रंग काढायचाच असेल तर पॉलिश पेपरनं घासून काढा.

लाकडाला आधी 220 चा आणि मग 400 चा पॉलिश पेपर मारायचा. त्यावर लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे तीन हात. सुतार दाराला देतो तेच पॉलिश. हे टाळू नका. लाकडानं पाणी प्यायलं की ते फुगतं आणि मग वरच्या भेगा आपल्या राहत नाहीत, लाकडाच्या होतात. त्यानंतर पांढऱ्या ॲक्रेलिकचा एक हात, कारण लाकडाच्या तपकिरीवर कुठलाच रंग खुलत नाही.

आता खालचा रंग, म्हणजे भेगांमधून जो डोकावणार तो. इथं मला माझी एक हौस सांगायची आहे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावायची बेगड असते ना, सोनेरी, चंदेरी, हिरवी, गुलाबी? पोळा झाला की आमच्याकडं दोन-चार पानं उरतात. ती माशाच्या दोन्ही कुशींना चिकटवायची. माशाचं अंग गोल असल्यामुळं एकच तुकडा गुंडाळला तर चुण्या पडतात. म्हणून प्रत्येक बाजूला वेगळा तुकडा घ्या, कडेला कात्रीनं बारीक काप द्या आणि वार्निशवर चिकटवून अंगठ्याच्या नखानं मधून कडेकडं दाबत न्या. वरून लाखेचा एक पातळ हात द्या, नाहीतर गुळगुळीत बेगडीवर गोंद थेंब थेंब होऊन गोळा होतो. भेगांमधून बेगड चमकली की मासा वळवळताना झर्रकन उजेड फेकतो. बेगड नसली तर नारिंगी, पिवळा, नाहीतर पोपटी ॲक्रेलिक द्या. काहीही द्या, पण ते एक अख्खी रात्र वाळू द्या.

रंगाच्या जोड्या दिराच्या सांगण्यावरून ठरतात. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं तेव्हा नारिंगीवर किंवा पिवळ्यावर काळा. माशाला गढुळात बारीकसारीक दिसत नाही, आकार तेवढा दिसतो, असं त्याचं म्हणणं. हिवाळ्यात पाणी निवळलं की चंदेरी बेगडीवर शेवाळी हिरवा. पोट मात्र नेहमी साधं पांढरं किंवा पिवळं ठेवते. भेगा पाठीला आणि कुशीच्या वरच्या निम्म्या भागालाच. सगळ्या अंगाला भेगा पाडल्या तर मासा भाजलेल्या वांग्यासारखा दिसतो.

आता गोंद. माशाच्या नाकातल्या तारेला केसांची मोठी क्लिप लावा, म्हणजे धरायला दांडी होते. वाटीत गोंद काढा, पाणी घालू नका. मऊ चपटा ब्रश घ्या आणि नाकापासून शेपटीकडं एकाच दिशेनं, एकसारखा थर द्या. थर किती जाड, त्यावर भेगा किती मोठ्या हे ठरतं. पातळ दिला तर केसासारख्या बारीक रेघा येतात, जाड दिला तर रुंद फटी आणि मोठे तुकडे. सात-आठ सेंटिमीटरच्या माशाला मी मध्यम देते. खालचा रंग गोंदातून धुक्याआडून दिसावा तसा दिसला पाहिजे. पूर्ण पांढरा दिसला तर जास्त झाला, बोटानं निपटून काढा.

आता थांबायचं. मिनिटं मोजून हे जमत नाही, बोटानंच कळतं. करंगळीच्या मागच्या बाजूनं, नखाच्या मुळाशी जी कातडी असते तिनं हलकेच टेकवून बघा. कातडीला ओलं लागलं आणि पांढरा डाग आला तर अजून वेळ आहे. काहीच लागलं नाही, बोट सुळकन निघालं, तर उशीर झाला. गोंदाचा नवा हात द्यावा लागेल. बोट उचलताना गोंदानं किंचित धरून ठेवलं, चिक् करून सोडलं आणि बोटाला काही लागलं नाही, की तीच वेळ. वॅक्सिंग करणाऱ्या बायकांना हा स्पर्श वेगळा शिकवावा लागत नाही.

वैशाखात पारा चाळिसाच्या वर असतो, तेव्हा ही वेळ चार मिनिटांत येते आणि तितक्याच लवकर निघून जाते. पंखा बंद करा, खिडकीचा पडदा ओढा. भाद्रपदात तोच गोंद वीस मिनिटं ओलाच राहतो. दिवाळीनंतरची कोरडी थंडी या कामाला सगळ्यात चांगली.

वेळ साधली की वरचा ॲक्रेलिक रंग. तो ताकासारखा नको, शिकरणासारखा पाहिजे. ब्रश भरून घ्या आणि एकदाच फिरवा. पुन्हा त्याच जागेवरून ब्रश नेला की खालचा गोंद उकरून वर येतो आणि तिथं भेग पडतच नाही, नुसता चिखल. कुठं राहून गेलं तर राहू द्या, नंतर ठिपका देता येतो. ब्रश ज्या दिशेनं नेला त्याच दिशेनं भेगा लांबत जातात. नाकाकडून शेपटीकडं नेला तर लांब पट्टे येतात, ते मला आवडत नाहीत, फुटलेल्या बांबूसारखे वाटतात. मी स्पंजचा तुकडा वापरते, मेकअपचा त्रिकोणी. रंगात बुडवून टिपत टिपत जायचं, घासायचं नाही. मग भेगांना दिशाच सापडत नाही आणि चौफेर जाळं होतं. खवल्यांना तेच पाहिजे.

अर्ध्या मिनिटात काही दिसत नाही. मग रंगाची चमक जाते, तो मलूल होतो. मग पाठीच्या सगळ्यात उंच जागी, जिथं रंग पातळ असतो, तिथं एक केस उमटतो. त्याला फांदी फुटते, ती दुसऱ्या केसाला जाऊन भिडते, आणि मधला तुकडा कडेनं आकसून किंचित मागं सरकतो. खालून नारिंगी दिसायला लागतं. या वेळेला बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही. भेगा फार आळशी निघाल्या तर हेअर ड्रायर हातभर लांबून, कोमट वाऱ्यावर, सारखा हलवत ठेवून दोन मिनिटं मारते. जवळ धरला तर भेगांऐवजी फोड येतात.

बाभळीच्या डिंकाचाही प्रयोग केला होता, लाडवांसाठी आणलेल्यातला मूठभर भिजवून. भेगा सुरेख आल्या, जुन्या चिनी मातीच्या भांड्यावर असतात तशा बारीक. पण पहिल्या पावसाच्या दमट हवेत मासा पुन्हा चिकट झाला आणि त्याला वर्तमानपत्र चिकटलं. सासूबाईंना डिंक कमी का झाला ते अजून माहीत नाही.

भेगा पडल्यावर दोन दिवस मासा तसाच टांगून ठेवा. इथं घाई केली की काय होतं ते सांगते. मी पहिल्यांदा गोंदावर केलेला मासा एका रात्रीत उरकून, वरून वार्निशचा एकच हात मारून दिराला दिला. तासाभरात तो परत आणला. गोंद पाण्यानं पांढरा झाला होता आणि काळा रंग दुधावरच्या सायीसारखा अख्खा सरकून शेपटीला गोळा झाला होता. चूक माझीच. हा गोंद पाण्यात पुन्हा मऊ होतो, म्हणून त्याला वरून पूर्ण बंद केलं पाहिजे, टाचणीएवढी जागाही उघडी राहता कामा नये. विशेषतः तारेच्या डोळ्यांच्या मुळाशी आणि जिभेच्या खाचेत.

माशाचे डोळे आधी रंगवून घ्या. पांढरा ठिपका, त्यावर पिवळा, त्यावर काळा. टिकली लावायचाही मोह होतो. लावा की, लहान चमकी टिकली छान दिसते. फक्त वरचा लेप चढायच्या आत.

त्या लेपाचे माझ्याकडं दोन प्रकार आहेत. पार्लर असल्यानं जेल टॉपकोट, म्हणजे नखांवर सगळ्यात वर देतात तो पारदर्शक लेप, आणि तो घट्ट करणारा यूव्ही दिवा घरचाच. जेलचा पातळ हात द्यायचा, दिव्याखाली एका बाजूला मिनिटभर, दुसऱ्या बाजूला मिनिटभर. असे तीन-चार हात. शेवटी वर जो चिकटपणा राहतो तो स्पिरिटच्या कापसानं पुसायचा. कच्चं जेल कातडीला लागू देऊ नका. माझ्या हाताखालच्या एका पोरीच्या बोटांना त्यानं जी खाज सुटली ती महिनाभर गेली नाही. हातमोजे घाला.

दुसरा प्रकार रेझिन आणि हार्डनर, ट्रे आणि घड्याळं बनवायला मिळतात ते. बाटलीवर जे माप लिहिलंय तेच घ्या, अंदाजानं ओतलं तर कधीच घट्ट होत नाही. हळूहळू ढवळा, फेस होऊ देऊ नका. खिडकी उघडी ठेवा. रेझिनचा थर जाड आणि काचेसारखा येतो, भेगा त्याच्याखाली खोल वाटतात, म्हणून मला तोच आवडतो. पण तो ओघळतो. मासा टांगून ठेवला तर सकाळी शेपटीला थेंब लोंबत असतो. त्याला सारखं फिरवत ठेवावं लागतं. गणपतीच्या मूर्तीमागं फिरणारं चक्र असतं ना, त्याची मोटर दिरानं लाकडाच्या फळीवर बसवून दिली. तिला क्लिप लावून मासा आडवा अडकवला की तो रात्रभर आपला फिरत राहतो. पहिल्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि अंधारात फिरणारा मासा बघून ओरडल्या. आता मोटर बाथरूमशेजारच्या खोलीत असते. पावसाळ्यात रेझिन टाळते, दमट हवेत वर पांढुरका तेलकट पापुद्रा येतो.

रेझिन घट्ट होत आलं पण अजून नखानं दबतंय, तेव्हाच तारेच्या डोळ्यांतलं भोक सुईनं मोकळं करा आणि जिभेवरची टेप काढा. पूर्ण घट्ट झाल्यावर टेप निघत नाही, फाटते.

गळ सगळ्यात शेवटी, आणि ते दिराचं काम. तीन काट्यांचे गळ पोटाला आणि शेपटीला अडकवून तो मासा आधी आमच्या हौदात सोडतो. एका कुशीवर कलला तर रेझिन एका बाजूला जास्त बसलंय असं समजायचं. मग तिथं 400 चा पेपर मारून पातळ करायचं आणि वरून जेलचा एक हात द्यायचा.

एक गोष्ट त्याच्याकडून ऐकलेली. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला, तर खाली मरळीची जोडी पिल्लं राखत असते. झुबक्यावर काहीही टाकलं तरी ती तुटून पडते, म्हणून पुष्कळ लोक मुद्दाम तिथंच टाकतात. तो टाकत नाही. मोठी मरळ काढली की पिल्लं बाकीच्यांच्या तोंडी जातात. आणि धरणात मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा काठावर जायच्या आधी विचारलेलं बरं.

भेगांमुळं मासे जास्त लागतात का, असं मी त्याला सरळ विचारलं होतं. तो म्हणाला, "मरळीला काय कळतंय वहिनी, पण मला फेकताना बरं वाटतं." मला हे उत्तर पटलं. नखांवरच्या मोराचंही तसंच असतं.

मागच्या आठवड्यात चंदेरी बेगडीवर शेवाळी केलेला सगळ्यात देखणा मासा मी त्याला दिला. तिसऱ्याच फेकीला तो पाण्याखाली गेलेल्या बाभळीत अडकला आणि दोरी तुटली. परवा पुन्हा दारात उभा होता, तसलाच दुसरा पाहिजे म्हणून. पांगारा आहे, गोंद आहे, रेझिनही आहे. चंदेरी बेगड मात्र संपलीय, आता पोळ्यापर्यंत त्याला नारिंगीवरच भागवावं लागणार.